वीस अंशांचं कुलूप

ओमानमध्ये मी पंधरा वर्षं एसीची कामं केली. मस्कतमधल्या अल हैलच्या व्हिलांमध्ये जून महिन्यात एसी बंद पडला की लोकांना देवाच्या आधी मी आठवायचो, आणि एसी सुरू झाला की चहासुद्धा न विचारता दार लावून घ्यायचे. त्याचं मला काही वाटत नसे. गारवा देणं हे माझं काम होतं आणि ते मला येत होतं. ऊब देण्याचं काम माझ्या वाट्याला येईल असं कधी वाटलं नव्हतं. आलं, आणि मी ते असं केलं की त्याबद्दल कुणाशी तोंडाने बोलता येत नाही. म्हणून लिहितो आहे.

जबल अख्दर डोंगरावरच्या एका हॉटेलाच्या मेंटेनन्सचं काम आमच्या कंपनीला मिळालं आणि माझी बदली वर झाली. वर म्हणजे खरंच वर. पायथ्याच्या चेकपोस्टवर फोर-बाय-फोर नसेल तर पोलिस गाडी पुढे सोडत नाहीत, इतका चढ. खाली लोक जानेवारीतही अर्ध्या बाह्यांच्या शर्टात फिरत असतात, आणि वर पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. पाहुण्यांना ते फार आवडतं. ते फोटो काढतात. आम्ही स्टाफवाले हॉटेलाच्या मागे, पत्र्याच्या पोर्टा केबिनच्या दोन रांगांमध्ये राहायचो. एका खोलीत दोघे.

माझ्या खोलीत आमच्याच तालुक्यातले एक काका होते. लॉन्ड्रीत इस्त्रीवर. पन्नाशी कधीच ओलांडलेली, अंगाने काटकुळे, छाती जरा कमजोर. अठ्ठावीस वर्षं ओमानात काढलेली. दिवसभर वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी घामेजल्या अंगाने त्या वाऱ्यात बाहेर पडायचं, असं त्यांचं आयुष्य. मला ते "मेल्या" म्हणायचे. माझे शर्ट मी कॉटवर फेकून द्यायचो, तर परत येईपर्यंत त्यांच्या घड्या घातलेल्या असायच्या. मी म्हणायचो, काका, ड्यूटी संपली, आता तरी हात थांबवा. ते म्हणायचे, "माका उगी बसूक जमणा नाय रे."

प्रत्येक खोलीत भिंतीला एक पॅनेल हीटर होता आणि त्याच्या बाजूला एक गोल बटण. आमचे लोक ते बटण शेवटपर्यंत फिरवून ड्यूटीवर जायचे, म्हणजे आल्यावर खोली तयार. हीटरवर मोजे वाळत, बनियन वाळत, जीन्स वाळत. एके दिवशी एकाची जीन्स करपली, भिंतीचा पत्रा काळा झाला, धूर झाला. मग कंपनीने ठरवलं की बटणं बंद. खोक्यातून थर्मोस्टॅट आले आणि ते बसवायचं काम माझ्याकडे.

तळहाताएवढी पांढरी चपटी डबी. तोंडावर ना बटण, ना आकडा, ना दिवा. तापमान लावायचा स्क्रू आत, आणि झाकणाच्या स्क्रूला वेगळ्याच खाचा. त्याला त्याचाच खास पाना लागतो. साध्या स्क्रू-ड्रायव्हरने खटपट केली तर झाकण फुटेल पण उघडणार नाही. हीटरला जाणारी पूर्ण दोनशे चाळीस व्होल्टची फेज, म्हणजे वीज आणणारी तार, याच डबीतून जाते. आत दोन धातूंची एक पट्टी असते. हवा गरम झाली की ती वाकते आणि टक करून फेज तोडते. हवा गार झाली की पुन्हा टक, हीटर चालू. एवढंच तिचं डोकं. आपल्या अवतीभवतीची हवा म्हणजेच सगळी खोली, असं ती समजते.

"सब का बीस पे रखो," स्टाफच्या खोल्या सांभाळणारा कॅम्प-बॉस म्हणाला होता. "चाबी मेरे पास. किसी को हाथ नहीं लगाने का, खलास." मी सगळ्या डब्या वीसवर लावल्या, झाकणं आवळली आणि पाना त्याच्या हातात दिला. त्याने तो गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरं वाटलं होतं. काम स्वच्छ झालं होतं, तारा सरळ, डब्या लेव्हलमध्ये. कॅम्पातले लोक मला "हीटरचा हवालदार" म्हणायला लागले. कुणी म्हणे, हवालदारसाब, एक डिग्री का जामीन दे दो. मीही मग हवालदारासारखाच बोलायचो. वीस अंश पुरतात, म्हणायचो. ज्याला जास्त हवं त्याने स्वेटर घालावा.

ही डबी कुठे लावायची याचे नियम असतात. बाहेरच्या भिंतीवर नको, खिडकीजवळ नको, दाराच्या झुळुकीत नको, हीटरच्या वर तर मुळीच नको. आतली भिंत हवी, छातीइतकी उंची हवी. आमच्या खोलीत अशी एकच भिंत होती, बाथरूमच्या बाजूची. तिलाच लागून काकांची कॉट, आणि तिच्यावरच त्यांनी प्लायवूडची एक फळी ठोकून देव मांडलेले. गणपती, गावच्या देवीचा फोटो, प्लगमध्ये लावायचा प्लास्टिकचा लाल दिवा. मी डबी फळीच्या वर वीतभर अंतरावर बसवली. नियमात ती चोख बसत होती. काका बघत उभे होते. म्हणाले, "देवाच्या डोक्यार बसवलंस मरे." मी हसलो.

डिसेंबर बरा गेला. खोली वीसवर राहायची. जानेवारीत गावाहून फोन आला.

माझ्या बायकोला सातवा नुकताच लागला होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी राहिलेलं. आधी दोनदा गेलेलं. एका सकाळी रक्त जायला लागलं म्हणून तिला हॉस्पिटलात नेलं, आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून पाय खाली टाकायची बंदी केली. जितके दिवस आत राहील तितके दिवस पोटात राहू दे, म्हणाले. मला तिकिटाचं सुचलं, पण आईच म्हणाली, तू येऊन काय करणार, पुरुषांना वॉर्डात उभं करत नाहीत, बाळंतपणाला ये. मग म्हणाली, मी घरात देवापुढे अखंड दिवा लावला आहे. तूही तिथे लाव. दोन्हीकडे पेटत राहू दे. विझू द्यायचा नाही आणि जागचा हलवायचा नाही. प्लास्टिकचा नको, तेलाचा लाव.

मी इलेक्ट्रिशियन माणूस. पण त्या वेळी आईने सांगितलं असतं की डोंगरावरून उडी मार, म्हणजे ती वाचेल, तर मी कठड्यापर्यंत नक्की गेलो असतो. हजारभर मैलांवर माझी बायको छताकडे बघत पडली होती आणि माझ्या हातात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. डोंगराखालच्या निझव्याहून तिळाचं तेल मागवलं. स्टीलच्या वाटीत काकांनीच वात वळून दिली. हॉटेलाच्या गच्चीवर वाऱ्यात मेणबत्ती विझू नये म्हणून टेबलांवर उंच काचेच्या नळ्या ठेवतात, त्यातली एक टवका उडालेली मी आणली आणि फळीवर देवांपुढे ठेवलेल्या दिव्याभोवती उभी केली. कॅम्पात ज्योत पेटवायला बंदी होती. सगळ्यांच्या हीटरला कुलूप घालणाऱ्याने स्वतःच्या खोलीत उघडा दिवा लावला. कुणी बोललं नाही. बातमी कॅम्पभर झाली होती, आणि हवालदार म्हणून चिडवणारेही दारातून आत डोकावून हात जोडून जायचे.

त्याच दिवशी वारा फिरला. डोंगरावर असं होतं; चार-पाच दिवस असा वारा येतो की पाइपातलं पाणी गोठतं. सकाळी नळाला पाणी नाही, डाळिंबाच्या बागांवर पांढरं पडलेलं. काकांना खोकला झाला, दुसऱ्या दिवशी ताप आला. हॉटेलच्या नर्सने गोळ्या दिल्या, खोलीत विश्रांती घ्यायला सांगितलं. माझी ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात, तीही तळघरातल्या प्लँटरूममध्ये, जिथे बॉयलरमुळे अंगातून घाम निघतो. मी खोलीत यायचो तो मेल्यासारखा झोपायला. आधी दिव्यात तेल बघायचं, मग फोन बघायचा, मग दोन ब्लँकेटं. थंडी मलाही वाजत होती. पण ती मी वाऱ्याच्या नावावर टाकली.

दुसऱ्या संध्याकाळी काका पडल्या पडल्या म्हणाले, "रूम लय गार पडलीहा रे. तो हीटर वायच वाढवूक येयत काय?"

मी बूट काढत होतो. बायकोचा फोन दिवसभर लागला नव्हता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, "काका, वीसवर आसा तो. सगळ्यांका सारखोच. तुमच्या अंगात ताप आसा म्हणान तुमका थंडी वाजता."

"तसा असात," ते म्हणाले.

"मशीन खोटा बोलणा नाय," मी म्हटलं. हे वाक्य मी म्हटलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांना मी हेच ऐकवत आलो होतो. गिऱ्हाईक म्हणायचं खोली गार होत नाही, मी थर्मोमीटर दाखवून म्हणायचो, साहेब, चोवीस आहे, तुम्हाला वाटतं तसं. माणसाच्या कातडीपेक्षा आकड्यावर विश्वास ठेवायचा, हे मी धंद्यात शिकलो होतो आणि त्याचा मला गर्वही होता. काकांनी कूस बदलली आणि ब्लँकेट कानावर ओढलं.

चौथ्या दिवशी दुपारी मी जेवणाच्या सुट्टीत वर आलो. एरवी मी मेसमध्येच जेवायचो. त्या दिवशी बायकोचा सकाळी मेसेज होता की आज सोनोग्राफी आहे, बाळ काढायचं की थांबायचं ते डॉक्टर ठरवणार आहेत, तुम्ही दिव्याकडे बघा. म्हणून आलो. दार उघडलं तर दिवा शांत पेटत होता, तेल काठोकाठ. आणि काकांचे दात वाजत होते. मला तो आवाज आधी कळलाच नाही कशाचा आहे. ओठ निळसर झालेले, श्वास वरच्या वर, डोळे उघडे पण माझ्याकडे नीट बघत नव्हते. मी कपाळाला हात लावला तर ते तापलेलं, आणि पाय लाकडासारखे थंड. दोन्ही ब्लँकेटं, माझं जॅकेट, टॉवेल, जे दिसलं ते त्यांच्या अंगावर टाकलं. नर्सला फोन केला. ती म्हणाली, "गाड़ी नीचे गई है, आने में एक घंटा लगेगा. मैं सिलिंडर लेकर आती हूँ. तब तक उनको गरम रखो, कमरा गरम रखो."

मी हीटरला हात लावला. थंडगार पत्रा. टेस्टर लावला तर फेजच नव्हती. बोर्डावरचं बटण चालू होतं, म्हणजे डबीच फेज सोडत नव्हती. माझ्या तोंडातून शिवी निघाली. खिशात एसीच्या जाळ्यांवर लावायचा थर्मोमीटर होता, वायरला छोटी टोचणी असलेला. तो काकांच्या उशाशी धरला. नऊ. मला वाटलं बिघडला. मग डबीजवळ धरला. चोवीस, पंचवीस, अजून चढत होता. आणि मी खाली बघितलं.

काचेच्या नळीतून गरम हवा सरळ वर जात होती. सरळ डबीवर. चार दिवस माझ्या दिव्याने त्या डबीला सांगितलं होतं की खोली ऊबदार आहे, आणि तिने ते ऐकलं होतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातं. दिवा विझवायचा होता. एक फुंकर. माझा हात पुढे झालाच नाही. आईचे शब्द डोक्यात होते, विझू द्यायचा नाही, हलवायचा नाही. बायको त्या क्षणी सोनोग्राफीच्या टेबलावर असेल. नऊ वर्षं. पाना कॅम्प-बॉसच्या जुडग्यात, आणि कॅम्प-बॉस मस्कतला सुट्टीवर. आजूबाजूच्या खोल्यांना कुलपं, सगळे ड्यूटीवर. मला सुचलं की हीटरची वायर सोडवून थेट प्लगला जोडता येईल. मग दिवाही राहील आणि हीटरही लागेल. पण टूलबॅग खाली प्लँटरूममध्ये होती. आणि मी धावत सुटलो. काकांना तसंच टाकून, दार ओढून घेऊन, वाऱ्यात धावत सुटलो. हॉटेलाच्या मागच्या उतारापर्यंत गेलो. तिथे छातीत कळ आली म्हणून थांबलो आणि मग कळलं मी काय करतो आहे. आतला माणूस श्वासासाठी धडपडतो आहे, खोली नऊ अंशांवर आहे, आणि मी माझा दिवा वाचवायला पळतो आहे. परत फिरलो. जाऊन येऊन आठ-दहा मिनिटं गेली असतील. ती कुणाला परत देता येत नाहीत.

आत आलो आणि थांबलो असतो तर पुन्हा धीर झाला नसता, म्हणून सरळ नळी उचलली. बोटं भाजली. वात चिमटीत धरली आणि विझवली. मी जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने वर टक झालं आणि हीटरच्या पत्र्यातून तडतड आवाज यायला लागला.

काकांनी डोकं वळवलं. करपलेल्या वातीचा वास त्यांना आला असावा. "इजवलंस?" त्यांनी विचारलं.

"काका, दिव्यामुळे हीटर बंद होता. माका कळला नाय. माका माफ करा."

"माका ठावक होता," ते म्हणाले. एकेका शब्दाला श्वास घेत. "कालच कळला. तेल संपाक इला, वात बारीक झाली, की वयर टक जाता आणि हीटर लागता. दिवो मोठो झालो की बंद."

मला वाटलं तापात बरळत आहेत. मी विचारलं, मग सांगलात कित्या नाय?

"सांगलंय असतंय तर तू इजवलं असतंस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारा तास मी खोलीबाहेर असायचो, आणि त्या वाटीत तेल सहा तासांपेक्षा जास्त पुरत नव्हतं. संध्याकाळी यायचो तेव्हा वाटी भरलेली असायची, आणि मी तेलाचं कधी गणितच केलं नव्हतं. देवाचं आहे, चालतं आहे, एवढंच. तापातला हा माणूस दिवसा ब्लँकेटातून उठत होता, वात सारत होता, तेल घालत होता, आणि हीटर टक करून बंद झालेला ऐकून परत आडवा होत होता. मी जमिनीवरून उठून त्यांचे पाय चोळायला लागलो. रडत होतो, आणि त्यांना चिडून बोलतही होतो, की तुम्हाला काही अक्कल आहे का, मी तुमचा कोण लागतो.

"माझी तीन पोरा झाली," काका म्हणाले. "तिनूय येळा मी हयच होतंय. मधलो झील रवलो नाय. एकदाय दिवो लावूचो माका सुचलो नाय रे."

नर्स सिलिंडर घेऊन आली, तोवर खोलीत जरा ऊब झाली होती. तिने ऑक्सिजनचा मास्क लावला. गाडी आली. घाटातून खाली उतरताना मी त्यांच्या पाठीला हात लावून बसलो होतो, आणि पायथा जवळ आला तसा काचेतून ऊन आत यायला लागलं. दीड-दोन तासांपूर्वी ज्या उबेसाठी मी जीव तोडून धावत होतो, ती खाली रस्त्यावर फुकट पडली होती. वाटेतच बायकोचा मेसेज आला. सोनोग्राफी बरी आहे, ठोके आहेत, अजून थांबायचं. मी काकांना वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे, जुनी छाती आहे, बघू. ताप आधीपासून होता, थंडीनेच झालं असं म्हणता येणार नाही, असंही ते म्हणाले. मी त्यांना दिव्याचं सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांच्या त्या बोलण्यात माझ्यासाठी सुटका नव्हती.

शुक्रवारी मला भेटायला जाता आलं. काका उशांना टेकून बसलेले होते, डोळे खोल गेलेले. मास्क बाजूला करून पहिली गोष्ट विचारली ती ही: "दिवो परत लावलंस मा?"

मी लावला नव्हता. वाटी धुऊन पेटीत ठेवून दिली होती. एकदा विझलेला अखंड दिवा परत लावला तर तो कसला अखंड. आणि खरं म्हणजे त्या फळीकडे बघायचीच मला हिंमत होत नव्हती. आईलाही मी काही सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "लावलंय काका. पेटता हा. डबीपासून लांब, खिडकीकडे ठेवलंय."

"बरा केलंस," ते म्हणाले आणि मास्क स्वतःच परत लावून घेतला. मी तासभर बसलो. ते झोपले. रविवारी सकाळी ते गेले. त्यांना गावी न्यायला आठ दिवस कागदपत्रं चालली. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो, आणि त्यांच्या थोरल्या मुलाने फोनवर माझे आभार मानले, की तुम्ही शेवटी सोबत होतात. मी ते आभार घेतले. खरं काय ते त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, आणि त्याचा नंबर आला की फोन वाजून बंद होईपर्यंत मी बघत बसतो.

कॅम्प-बॉस परत आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. त्याने जुडग्यातून पाना काढून माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, मला नको. मी त्याच्यासमोर बसून प्रत्येक खोलीसाठी पाच रियालवाला साधा थर्मोमीटर खरेदीच्या यादीत लिहून घेतला, पलंगाच्या उशाशी टांगायचा. डब्या तशाच राहिल्या. त्या चांगल्या होत्या. आमच्या खोलीतली तर एक अंशानेही चुकत नसे. मी ड्यूटीवरून यायचो तेव्हा खोली बरोबर वीसवर असायची, इतकी ऊबदार की आल्या आल्या जॅकेट काढावं लागायचं, आणि समोर काकांची गादी गुंडाळून ठेवलेली कॉट.

तीन आठवड्यांनी बायकोला कळा आल्या. मला तिकीट मिळेपर्यंत मुलगी होऊनही गेली. एक किलो चारशे ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली. बायकोने व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी मस्कतच्या विमानतळावर बसलो होतो. पडद्यावर पेटी दिसली, नाकात नळी असलेलं लाल बोटभर काहीतरी दिसलं, आणि पेटीच्या वर चमकणारे हिरवे आकडे दिसले. बायको थकलेली होती पण हसत होती. म्हणाली, "काळजी करू नका, मशीन एकदम भारी आहे, बघा, तापमान बरोबर दाखवतंय."

मी विचारलं, पेटीजवळ काय काय ठेवलंय? वरून दिवा वगैरे आहे का? आईने काही आणून पेटवलं तर नाही ना?

"हॉस्पिटल आहे हे. काय विचारताय वेड्यासारखं?"

"आकडा बघू नकोस," मी म्हटलं. शेजारी बसलेली माणसं माझ्याकडे बघायला लागली होती, कारण मी ओरडत होतो. "सिस्टरला विचार आणि हात आत घाल. तिच्या पायाला हात लावून बघ. मला सांग, पाय गरम आहेत का."

तिने सिस्टरला विचारलं. हात धुवायला लावला, त्यात वेळ गेला. मी फोन कानाला दाबून धरला होता. मग ती म्हणाली, "आहेत हो गरम."

मी म्हटलं, पुन्हा बघ.